ताडपत्रीखाली सापडलेल्या पोराचं काय करायचं? ट्रकमालकांना खुलं पत्र

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले ट्रकमालक, ट्रान्सपोर्टवाले आणि बुकिंग ऑफिसातली मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी ट्रक ड्रायव्हर आहे, तासगाव तालुक्यातला. एकतीस वर्षं या धंद्यात आहे. पहिली तीन किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, म्हणून गेली, पुढची सगळी स्टिअरिंगवर. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या मी चालवल्या आहेत, काहींच्या वडिलांच्याही. हे पत्र ऑफिसात येऊन हातात देता आलं असतं. पण ज्या निर्णयाबद्दल लिहितोय तो तुमच्या बैठकीत आम्हाला न विचारता झाला आणि आमच्यापर्यंत व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींत आला. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

त्या चार ओळी अशा. गाडीत, ताडपत्रीखाली किंवा टपावर कोणी लपून बसलेला सापडला तर त्याला जागच्या जागी उतरवायचं आणि पुढं निघायचं. पोलिसांना फोन करायचा नाही, गाडी अडकते. अशा कारणानं गाडी उशिरा लागली किंवा माल कमी निघाला तर नुकसान ड्रायव्हरच्या पगारातून. आणि सापडलेल्याला 'समज' द्यायला ड्रायव्हर मोकळा आहे.

बैठक कुणाची, कुठं झाली ते लिहीत नाही. ज्यांनी निर्णय केला त्यांना ठाऊक आहे, आणि जे त्या बैठकीत नव्हते त्यांच्या ऑफिसातही हाच नियम तोंडी चालत आलाय.

या चार ओळी वाचल्यावर मला झोप का लागली नाही ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत द्राक्षं भरून वाशीच्या मार्केटला निघालो होतो. संध्याकाळी सातला तासगाव सोडलं. पलूसच्या पुढं एका फाट्यावर चहाला दहा मिनिटं थांबलो. कराडला हायवेला लागलो, सातारा मागं टाकला आणि साडेअकराच्या सुमाराला सुरूर फाट्याच्या अलीकडं एका ढाब्यावर गाडी लावली. सवयीप्रमाणं हातोडी घेऊन टायर ठोकत गाडीभोवती फिरलो. हवा भरलेला टायर कसा वाजतो आणि बसलेला कसा वाजतो हे कानाला बरोबर कळतं. पुढच्या डाव्या टायरपाशी होतो, तेवढ्यात वरून खोकल्याचा आवाज आला.

दोर सोडला, ताडपत्री उचलली. केबिनची पाठ आणि क्रेटची पहिली रांग यांच्यामध्ये दीड वीत जागा राहते. त्या फटीत एक पोरगं उभं होतं. बसायला तिथं जागाच नव्हती, पलूसपासून ते तसंच उभ्यानं आलं होतं. असेल अकरा-बारा वर्षांचं. अंगात अर्ध्या बाह्यांचा शाळेचा शर्ट, दात वाजत होते. बॅटरीचा उजेड तोंडावर पडला तसे त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि म्हणालं, "मामा, मारू नका. मी द्राक्षं खाल्ली नाहीत."

खरंच खाल्ली नव्हती. वरच्या क्रेटचा कागद जसाच्या तसा होता.

ऊसतोडीच्या टोळीतलं पोर. आईबाप पलूस भागात तोडीला आलेले, कोप्या, म्हणजे झोपड्या, रानातच. गाव बीड जिल्ह्यात, केजकडं. गावाकडं आजी होती आणि शाळा होती, आणि त्याला दोन्हीकडं जायचं होतं. या गाड्या पुण्याला जातात आणि पुण्यातून बीडची एसटी मिळते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. खिशात वीस रुपये होते.

मी मालकांना फोन लावला. झोपेतून उठले. म्हणाले, "उतरव त्याला तिथंच. पोलिसांच्या नादाला लागू नको. चारला गाडी लागली नाही तर दर पडतोय." दराचं ते खोटं बोलत नव्हते. द्राक्षाची गाडी वाशीला पहाटे लागली तर लागली, ऊन वर आल्यावर तोच माल कसा जातो हे मीही पाहिलंय. मी पोराला भाजी-चपाती खायला घातली, माझी चादर दिली, शंभराची नोट दिली. ढाब्यावर कामाला असलेल्या मुलाला म्हटलं, सकाळी याला साताऱ्याच्या एसटीत बसवून दे. आणि निघालो.

दुसऱ्या रात्री रिकामी गाडी घेऊन येताना पलीकडच्या बाजूला लावली आणि रस्ता ओलांडून गेलो. तो कामाचा मुलगा नव्हता. भट्टीवरच्या माणसाला एवढंच ठाऊक होतं की पहाटे ते पोर कुठल्याशा ट्रकवर चढून गेलं. पुण्याकडं की साताऱ्याकडं, कुठली गाडी, काही सांगता येईना. माझी चादर बाकड्यावर घडी घालून ठेवलेली होती.

आठवड्यानं पलूसला जाऊन त्या कोप्या शोधल्या. टोळी दुसऱ्या गावच्या शिवारात हलली होती. आईबापाची नावं मी पोराला विचारली होती, पण मुकादमाचं, म्हणजे टोळी आणणाऱ्याचं, नाव विचारायचं सुचलं नव्हतं. आणि टोळी सापडते ती मुकादमाच्या नावावर. आजपर्यंत त्या पोराचं काय झालं मला माहीत नाही.

मालकांनी फोनवर उतरव म्हटलं हे खरं. पण हात धरून खाली उतरवणारा मी होतो. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. त्या रात्री जे मी एकट्यानं केलं ते आता तुम्ही सगळ्यांसाठी नियम म्हणून लिहून दिलंत, म्हणून हे पत्र.

आधी तुमची बाजू. ती मला कळत नाही असं समजू नका. घाटात गाडी चढाला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आली की मागून चढणारे, ताडपत्री ब्लेडनं फाडून पोती खाली टाकणारे चोर मी डोळ्यांनी पाहिलेत. एकदा बेदाण्याचे बॉक्स माझ्याच गाडीतून गेले आणि ते माझ्याच पगारातून कापले गेले. लपून बसलेला प्रत्येक जण बिचारा असतो असं मी म्हणत नाही. दारू पिऊन टपावर झोपलेले असतात, घरी भांडून निघालेले असतात, एसटीचे पैसे असूनही वाचवणारे असतात. आणि आम्ही ड्रायव्हर लोक केबिनमध्ये शिटा भरतो, शंभर-दीडशे घेतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तो वेगळा विषय आहे, त्याचं बोलणं भत्त्याच्या बोलण्याबरोबर करू.

विम्याची भीतीही खरी आहे. मालाच्या गाडीत फुकट बसलेला माणूस अपघातात गेला तर त्याची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००२ च्या डिसेंबरमधला निकाल आहे. मालाचा मालक किंवा त्यानं सोबत पाठवलेला माणूस असेल तर गोष्ट निराळी. बाकी कुणी असेल तर दावा तुमच्या घरावर, शेतावर येतो. म्हणजे गाडीत कोणी लपलेलं आहे का हे निघण्याआधी बघणं यात सगळ्यात जास्त फायदा तुमचाच आहे.

आता तुमचा नियम काय करतो ते बघा. ज्या ड्रायव्हरनं ताडपत्री उचलून पाहिलं आणि ज्याला माणूस सापडला, त्याचा वेळ जातो, आणि त्या वेळाचे पैसे त्याच्याच पगारातून जातात. ज्यानं खोकला ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एक्सलेटर दाबला, त्याचा एक पैसा जात नाही. तुम्ही आम्हाला न बघण्याचा पगार देताय. पोरं दिवाळीला कपडे मागतात, फायनान्सचा हप्ता असतो, असा ड्रायव्हर रात्री दोन वाजता कशाला दोर सोडेल? माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. बाकीच्या तीन ओळी उद्या काढल्यात आणि ही तशीच ठेवलीत तरी काही उपयोग नाही.

दुसरी तक्रार 'जागच्या जागी उतरवा' या शब्दांबद्दल. ती जागा कुठली असते? टोलनाका, पेट्रोल पंप, गाव असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. रात्री एकला खंबाटकीच्या बोगद्यापलीकडच्या वळणावर पोराला उतरवलं तरी तुमचा नियम पाळला असं होतं. हायवेला दोन्ही बाजूंना गार्डरेल, मधे दुभाजक, ट्रेलर शंभरच्या वेगानं जातोय आणि अकरा वर्षांचं पोर अंधारात त्या कडेनं चालतंय, हे मनात आणून बघा. पुन्हा ते पोर घरी जात नाही. ते पुढच्या गाडीवर चढतं.

आणि ते ज्या गाडीवर चढतं तिच्यात काय भरलंय हे त्याला कळत नाही. हे जरा सविस्तर सांगतो, कारण ऑफिसात बिल्टी, म्हणजे मालाची पावती, लिहिणाऱ्याला माल म्हणजे वजन आणि नग एवढंच दिसतं. साखरेचं पोतं पन्नास किलोचं. घाटात जोराचा ब्रेक लागला की वरची थप्पी पुढं सरकते, आणि केबिनच्या पाठीला जी फट असते ती बंद होते. माझ्या गाडीत ते पोर त्याच फटीत होतं. त्या दिवशी क्रेट होते, दोरानं बांधलेले, म्हणून निभावलं. पत्रा, कॉइल, भंगार भरलेलं असेल तर बोलायलाच नको. धान्याच्या बंद गाडीत कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्यानं माणूस मरतो. ज्यानं गोळ्या ठेवल्या तो दार लावून घरी जातो, पोर मात्र दार लागायच्या आधीच आत शिरलेलं असतं. एक्सपोर्टच्या द्राक्षाचा रेफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर तर बाहेरून सील होतो, आतून उघडत नाही, आत ठोकलं तरी इंजिनच्या आवाजात केबिनला ऐकू येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिटनच्या एसेक्समध्ये अशाच एका रेफ्रिजरेटेड ट्रेलरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसं मेलेली सापडली. त्यांत पोरंही होती. लोकांना वाटतं थंडीनं गेली असतील. मशीन चालूच नव्हतं. हवा संपली, आत उकडलं आणि गेली.

गाडीच्या खालची गोष्ट तर वेगळीच. तोडीच्या दिवसांत कारखान्याच्या वाटेवर दुपारी उभ्या ट्रॉलीच्या, उभ्या ट्रकच्या सावलीला लहान पोरं झोपलेली असतात. कुठं जायला म्हणून नव्हे, सावली म्हणून. स्टार्टर मारायच्या आधी खाली वाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. नव्या ड्रायव्हरला हे कोण शिकवतं? पूर्वी उस्ताद शिकवायचा. आता गाडीवर किन्नरही ठेवत नाही तुम्ही, एकटा माणूस सहा चाकी हाकतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. माझी भाची वकिली शिकतेय, तिनं मला बालन्याय कायदा वाचून दाखवला, २०१५ चा. त्याचं कलम ३२ सांगतं की हरवलेलं, सोडून दिलेलं किंवा निराधार दिसणारं मूल ज्याला सापडलं आणि ज्यानं ते आपल्या ताब्यात घेतलं, त्या कोणत्याही माणसानं चोवीस तासांत चाइल्डलाइनला, जवळच्या पोलीस ठाण्याला, बालकल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं. पोलिसानंच नव्हे, कोणत्याही माणसानं. न कळवणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला थांबवलं ते कंसातल्या चार शब्दांनी. चोवीस तास मोजताना प्रवासाला लागणारा वेळ धरायचा नाही, असं त्यात लिहिलंय.

मी ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. म्हणजे त्या रात्री मी पोराला केबिनमध्ये बसवून वाशीला नेलं असतं, चारला गाडी लावली असती, माल उतरेपर्यंत त्याला चहा पाजला असता आणि मग फोन केला असता, तरी कायदा माझ्याकडं बोट दाखवू शकला नसता. एक फोन तर सुरूरलाच करता आला असता. १०९८ ला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो, आणि ११२ लावला तरी निरोप पोहोचतो. दर पडायचा प्रश्नच नव्हता. मला हे माहीत नव्हतं, मालकांनाही माहीत नव्हतं, आणि आता तुम्ही न कळवण्याचाच नियम करताय. उद्या एखादा ड्रायव्हर तुमच्या ओळीवर विश्वास ठेवून सहा महिने आत जाईल. तेव्हा त्याच्या जामिनाला तुमच्यातलं कोण येणार आहे?

चौथी तक्रार 'समज' देण्याची. समज म्हणजे काय हे आपल्या सगळ्यांना कळतं. गेल्या पावसाळ्यात एका यार्डात ताडपत्रीखालून निघालेल्या पोराला दोराच्या टोकानं मारलं आणि त्याचा व्हिडिओ आपल्याच गटांत फिरला. पोर सोळाचंही नसेल. त्याच्याजवळ मालातलं काही सापडलं नव्हतं. तो व्हिडिओ ज्यांनी पुढं पाठवला त्यांना मी ओळखतो. वाईट माणसं नाहीत, त्यातल्या एकानं माझ्या बायकोच्या ऑपरेशनला पैसे दिले होते. त्यांनाच विचारतो, त्या पोराच्या आईनं तो व्हिडिओ बघितला असेल तर? चोर सापडला तर त्याला पोलिसात द्या, मी साक्षीला येतो. मारायचा अधिकार तुम्हाला नाही, म्हणून तो तुम्ही मला देऊही शकत नाही.

२०२० चा मार्च आठवा. आपली सगळ्यांची चाकं थांबली होती, फक्त जीवनावश्यक मालाच्या गाड्या चालू होत्या. त्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पोलिसांनी दोन कंटेनर उघडले तर आत तीनशेहून जास्त मजूर निघाले, तेलंगणातून राजस्थानला निघालेले. मे महिन्यात इंदूरजवळ सिमेंट मिक्सरच्या फिरत्या पिंपात १८ जण सापडले, महाराष्ट्रातून लखनौला चाललेले. काँक्रीट कालवायच्या पिंपात माणसं. त्या दिवसांत आपल्या हायवेवरही रात्री ट्रकला हात करणाऱ्यांच्या रांगा होत्या, आणि तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ड्रायव्हरला फोन करून सांगितलं होतं की रिकामी गाडी येतेय तर घे त्यांना, पैसे घेऊ नको. मला स्वतःला असा फोन आला होता. तेव्हा कुणी विम्याचा विषय काढला नाही, कुणी दराचा काढला नाही. तीच माणसं आज हा नियम करतात याचं मला दुःख आहे.

सप्टेंबर २०२५ मधली बातमी तुम्ही सगळ्यांनी वाचली असेल. अफगाणिस्तानातला तेरा वर्षांचा मुलगा काबूलहून दिल्लीला आला, विमानाच्या चाकांच्या खणात बसून. जिवंत उतरला हेच नवल. त्याची चौकशी झाली आणि त्याच दिवशी परतीच्या विमानानं त्याला घरी पाठवलं. परक्या देशाचं पोर, कागद नाहीत, तिकीट नाही. तरी धावपट्टीवर सोडून 'जा आता' असं कुणी म्हटलं नाही. त्याला सापडल्यापासून परत बसवेपर्यंत प्रत्येक वेळी तो कुणाच्या तरी ताब्यात होता. केजच्या पोराला आपल्या सातारा जिल्ह्यात एवढंही मिळालं नाही.

आता मागण्या. साध्या आहेत.

पगारातून कापण्याची ओळ मागं घ्या, आणि ज्या गटात टाकली त्याच गटात मागं घेतली असं लिहा. तोंडी नको. तोंडी दिलेला शब्द रात्री दोनला फोनवर टिकत नाही.

लपलेलं मूल सापडलं म्हणून गाडीला दोन तासांपर्यंत उशीर झाला तर तो ड्रायव्हरचा दोष धरायचा नाही, हे मालक आणि आडत्या दोघांनी मान्य करा. आडत्यांशी तुम्ही बोला, आमचं तिथं कुणी ऐकत नाही. दर पडला तर तो फरक कुणी सोसायचा हे तुम्ही आपसात ठरवा. वर्षाकाठी अशा किती वेळा येतात? माझ्या एकतीस वर्षांत मूल सापडण्याची वेळ तीनदा आली.

बिल्टीच्या मागं १०९८ आणि ११२ हे दोन नंबर छापा. त्याखाली पाच गोष्टींची जागा ठेवा: मुलाचं नाव, आईबापाचं नाव, गाव, सापडलं ती जागा आणि वेळ, आणि टोळीतलं असेल तर मुकादमाचं नाव. हे शेवटचं मी माझ्या चुकीतून सांगतोय.

माल भरून दोर आवळायच्या आधी ड्रायव्हर आणि हमालांचा टोळीवाला यांनी बॅटरी मारून हौदा बघायचा आणि बिल्टीवर सही करायची. वाटेत थांबलेल्या प्रत्येक ठिकाणाहून निघताना पुन्हा एक फेरी मारायची, वाकून खालीही बघायचं. ब्रिटनमध्ये ड्रायव्हरला अशी तपासणीची यादी भरून जवळ ठेवावी लागते आणि ती भरलेली असेल तर त्याचा दंड कमी होतो. तिथला कायदा सरहद्दीसाठी आहे, आपली गोष्ट निराळी आहे. पण यादी भरणाऱ्याला शिक्षा कमी, एवढा विचार तिथून घेण्यासारखा आहे. आणि मालक, बघायला सांगताय तर उजेडही द्या. आपल्या निम्म्या यार्डांत रात्री भरताना मोबाइलच्या बॅटरीवर काम चालतं. पोरं तिथंच आत शिरतात, कारण तिथं कुणाला काही दिसत नाही.

मारहाण आणि व्हिडिओ बंद. यावर जास्त लिहीत नाही.

शेवटची मागणी तुमच्यातल्या त्या लोकांकडं आहे ज्यांची गाडी ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट कारखान्याला लागते आणि ज्यांचा मुकादमांशी उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा, व्यवहार असतो. टोळी आली की पोरं किती, कुठल्या वर्गातली, हे एकदा विचारा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या हेडमास्तरांना जाऊन सांगा. पोराला केजची शाळा हवी होती कारण पलूसला त्याला शाळाच नव्हती. ती असती तर ते माझ्या गाडीवर चढलं असतं का, हे मला सांगता येत नाही. पण विचारायला काही खर्च नाही.

तुमचं उत्तर येईपर्यंत मी काय करणार ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागून कुणी फसवलं असं म्हणायला नको. माझ्या गाडीत मूल सापडलं तर मी त्याला केबिनमध्ये घेणार, पहिला फोन १०९८ ला करणार आणि दुसरा मालकांना. पैसे कापायचे असतील तर कापा. सही करून घेईन.

आणि एक विनंती, ही मालकांना नाही, माझ्या लाइनीतल्या भावांना. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, द्राक्षाच्या सुरुवातीच्या दिवसांत, पहाटे सुरूरच्या अलीकडच्या ढाब्यावरून शाळेच्या शर्टातलं एक पोर कुणाच्या तरी गाडीवर चढलं. त्याला केजकडं जायचं होतं. तुमच्यातल्या कुणाच्या गाडीवर ते होतं का? तुम्ही त्याला कुठं उतरवलं, एवढंच मला हवंय. जिथं उतरवलं असेल तिथून मी पुढं विचारत जाईन. सीझन चालू असेपर्यंत सोमवारी आणि शुक्रवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला मी त्याच ढाब्यावर असतो. द्राक्षाची सहा चाकी, निळी केबिन. बाहेर बाकड्यावर बसलेला असतो.

आपला,
एक ट्रक ड्रायव्हर
तासगाव तालुका, जिल्हा सांगली